खानदेशात कॅराव्हॅनने फिरताना उसाचं रान पेटलेलं दिसलं तर

दिवाळीच्या आगेमागे साखर कारखान्यांत बॉयलरचं अग्निप्रदीपन होतं, गव्हाणीत, म्हणजे ऊस यंत्रात जायच्या तोंडाशी, पहिली मोळी पडते आणि तिथून मार्च-एप्रिलपर्यंत तापीकाठचे रस्ते उसाच्या ट्रॅक्टरांनी भरून जातात. हवा कोरडी, रात्री गार, दिवसा ऊन सोसवणारं. घर गाडीत घालून फिरणाऱ्यांना खानदेश बघायचा तर हेच महिने बरे. दत्तजयंतीच्या सुमाराला सारंगखेड्याची यात्रा आणि घोडेबाजार असतो, तोरणमाळला थंडी असते, प्रकाशाला तापी-गोमाईचा संगम आहे आणि भरताची वांगी बाजारात आलेली असतात.

याच दिवसांत संध्याकाळी गाडी चालवताना शेतात आग दिसते. बाहेरगावच्या माणसाला ती पहिल्यांदा बघताना धडकी भरते. ज्वाळा बघता बघता माणसाच्या दुप्पट-तिप्पट वर जातात, वाळलेली पानं तडतडतात, काळी पानं आकाशात उडतात आणि जळक्या गुळासारखा वास काचा बंद असल्या तरी आत येतो. थांबावं का, पुढे जावं का, कुणाला फोन करावा का, हे कळत नाही. म्हणून नवख्यांसाठी हे लिहितो आहे.

सगळ्यात आधी: कोणती आग आहे ते ओळखा

यावरच पुढचं सगळं अवलंबून आहे. बाकी काही लक्षात राहिलं नाही तरी चालेल, एवढं मात्र नीट वाचा.

ऑस्ट्रेलियातले व्हिडिओ बघून आलेल्यांचा समज असतो की ऊस तोडण्याआधी जाळायचाच असतो. तिकडच्या क्वीन्सलँडमध्ये १९३० च्या दशकात उंदरांमुळे पसरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसने ऊसतोड कामगार आजारी पडले, तेव्हा उभा ऊस पेटवून मग तोडायची पद्धत रुजली. आता तिथेही बराच ऊस यंत्राने हिरवाच कापतात. आपल्याकडे ऊस सहसा कोयत्याने हिरवा तोडतात, वाढं, म्हणजे हिरवा शेंडा, जनावरांना जातं, मोळ्या ट्रॉलीत जातात आणि वाळलेली पानं, म्हणजे पाचट, शेतात पसरून राहतं. आपल्याकडे ठरवून जाळतात ते बहुतेक वेळा हे पाचट.

तेव्हा रस्त्यावरून बघताना या खुणा शोधा. आग जमिनीलगत आहे, मागे उसाची भिंत नाही, बांधावर दोन-चार माणसं शांतपणे उभी आहेत, कुणाच्या हातात हिरवी फांदी किंवा फावडं आहे, शेजारच्या उसाच्या कडेला पाण्याचा पाइप सोडलेला आहे: पाचट जाळणं चाललं आहे. ही आग माणसाच्या हातातली आहे आणि लांबून बघायला हरकत नाही.

आग उभ्या उसाच्या शेंड्यांवरून पळते आहे, माणसं ओरडत मोटरसायकलवरून येताहेत, कुणी ट्रॅक्टरला नांगर लावून घाईने शेताकडे निघालाय, विजेच्या तारा शेतावरून गेल्या आहेत: हा अपघात आहे. त्या शेतकऱ्याचं वर्षभराचं पीक तुमच्या डोळ्यांसमोर जळतं आहे. अशा वेळी मोबाइल वर काढून चित्रण करत उभं राहू नका. काय करायचं ते पुढे सविस्तर येतं.

रावेर-यावलकडे केळीचा पालापाचोळा आणि सगळीकडेच कपाशीच्या पऱ्हाट्या जळताना दिसतील. ते बांधावरचे छोटे ढीग असतात, धूर फार आणि ज्वाळा कमी. त्यांच्यासाठी थांबायची गरज नाही.

कुठे आणि केव्हा

ऊस जास्त दिसतो तो नंदुरबार जिल्ह्यात. शहाद्याजवळ पुरुषोत्तमनगरला सातपुडा तापी परिसर कारखाना, नंदुरबार तालुक्यात समशेरपूरचा, नवापूरकडे डोकाऱ्याचा. दोंडाईचा, सारंगखेडा, शहादा, प्रकाशा, नंदुरबार असा रस्ता धरलात तर तापी दोनदा ओलांडता येते आणि दोन्ही बाजूंना ऊस, केळी, पपई लागते. पूर्वेला मुक्ताईनगरच्या बाजूला घोडसगावचा कारखाना आहे.

पाचट बहुधा तोड झाल्यावर काही दिवसांत जाळतात, आणि तेही दुपारचा वारा पडल्यावर, दिवस मावळायच्या बेताला. शहाणा शेतकरी भर दुपारी काडी लावत नाही. त्यामुळे भर दुपारी मोठी आग दिसली तर आधी अपघाताची शंका घ्या.

शेतकरी पाचट का जाळतो हेही समजून घ्या, कारण लगेच उपदेश करायचा मोह होतो. खोडवा, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून फुटणारं पुढचं पीक, ठेवायचा तर बुडख्यांना ऊन लागून फुटवे लवकर यावेत, सरीतून पाणी सरळ जावं, उंदीर आणि साप लपायला जागा राहू नये, पुढच्या पिकासाठी रान मोकळं व्हावं, अशी कारणं असतात. शिवाय मजूर मिळत नाहीत. दुसरी बाजूही खरी आहे. एका हेक्टरमध्ये ८ ते १० टन पाचट निघतं. ते जाळलं की त्यातलं सेंद्रिय कर्ब आणि नत्र धुरात जातं, मातीच्या वरच्या थरातले जिवाणू भाजतात. कुट्टी करून किंवा एकाआड एक सरीत दाबून ठेवलं तर ओल टिकते, तण कमी येतं. कृषी विभाग आणि कृषी विद्यापीठं हे वर्षानुवर्षं सांगत आहेत, आणि तापीकाठी आता पाचट ठेवणारे शेतकरीही आहेत. मला स्वतःला पाचट ठेवलेलं रानच बघायला आवडतं. पण पाच मिनिटं थांबलेल्या पाहुण्याने बांधावर उभं राहून हे शिकवू नये. विचारलं तर बोला.

गाडी कुठे लावायची

कॅराव्हॅन म्हणजे मोठी, उंच, वळायला जड आणि पोटात गॅसची टाकी असलेली गाडी. मोटरसायकलवाला जिथे उभा राहतो तिथे तुम्ही उभं राहू शकत नाही.

पहिलं, वारा बघा. झेंडा, झाडाची पानं, धुराची दिशा, काहीही चालेल. वारा तुमच्या पाठीवर आणि आग समोर, अशी जागा हवी. धूर तुमच्याकडे येत असेल तर जागा चुकली, गाडी लगेच हलवा. हिवाळ्यात इकडे वारा सहसा उत्तर-ईशान्येकडून येतो, पण सातपुड्याच्या पायथ्याला संध्याकाळी तो दिशा बदलतो. डोंगरावरची गार हवा खाली उतरू लागली की मघाशी सरळ वर जाणारा धूर शेतांवर आडवा पसरतो.

दुसरं, अंतर. मध्ये निदान दोन-तीन शेतं असू द्या. ३०० मीटरच्या आत मी गाडी आणणार नाही, मग समोर कितीही सुरेख दृश्य असो. पाचटाचे पेटते तुकडे हवेबरोबर लांब जातात आणि तुमच्या गाडीच्या बाजूला काढलेली कनात सहसा कृत्रिम धाग्याची असते. एक ठिणगी पडली की तिला भोक पडतं.

तिसरं, गाडीखाली काय आहे ते उतरून बघा. वाळलेल्या गवतावर तापलेला सायलेन्सर ठेवला तर दुसरी आग तुम्हीच लावाल. रस्त्यावर ट्रॉलीतून पडलेलं वाढं आणि पाचटही असतं, त्यावरही उभं राहू नका.

चौथं, माती. तापीकाठची काळी माती वरून कोरडी दिसते आणि पाण्याची पाळी दिलेल्या रानालगत आतून लोण्यासारखी असते. साडेतीन-चार टनांची गाडी शेतरस्त्यावर घातली की चाक रुतलंच समजा, आणि रुतलेली गाडी आगीजवळ नको. आधी पायी जाऊन टाच दाबून बघा. खरं तर डांबर सोडूच नका.

पाचवं, गाडीचं तोंड निघायच्या दिशेला करून ठेवा. वळवावी लागेल अशा स्थितीत उभी करू नका. किल्ली चालकाच्या खिशात, चालक गाडीजवळ.

डोक्यावर विजेच्या तारा नकोत. उच्च दाबाच्या तारांखाली दाट धूर आणि ज्वाळा असल्या की तारांमधून ठिणगी खाली येऊ शकते. आणि ऊस कारखान्याला नेणाऱ्या रस्त्याचं तोंड अडवू नका. दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर थांबवून मागे घेता येत नाही, आणि अग्निशमनाचा बंबही त्याच रस्त्याने येणार असतो.

बांधावरचा माणूस सांगेल ते ऐका. "दादा, वारा फिरी जाई, गाडी मांगे ल्या!" असं कुणी ओरडलं तर का, कशाला असं विचारत बसू नका. त्या शिवारातला वारा त्याला तुमच्या मोबाइलपेक्षा जास्त कळतो.

गाडीच्या आत

थांबण्याआधीच हे उरका. गॅसचा रेग्युलेटर बंद, शेगडी बंद, फ्रिज गॅसवर चालत असेल तर तोही बंद. छताची झरोक्याची झडप आणि खिडक्या बंद. एसी चालू ठेवायचा तर आतली हवा आतच फिरवणाऱ्या बटणावर. कनात गुंडाळलेली, बाहेर वाळत घातलेले कपडे आत. पाण्याच्या टाकीचं झाकण घट्ट. एबीसी प्रकारचं अग्निशामक दाराजवळ, पलंगाखालच्या कप्प्यात नको.

दम्याचा त्रास असलेलं कुणी सोबत असेल, लहान बाळ असेल, तर थांबूच नका. एन-९५ मास्क थोडी मदत करतो, पण धुरात उभं राहायचा परवाना म्हणून तो वापरू नका.

रस्त्यावरच धूर आला तर

पहाटेचं धुकं आणि रात्रीचा पाचटाचा धूर एकत्र झाला की समोरचं दहा पावलांवरचं दिसत नाही. हिवाळ्यात गार हवा जमिनीलगत बसते आणि धुराला वर जाऊ देत नाही. वेग कमी करा, दिवे खाली टाका. वरच्या झोताचा प्रकाश धुरावर आपटून परत तुमच्याच डोळ्यांत येतो. ओव्हरटेक करू नका. धुराच्या आत मधोमध थांबू तर मुळीच नका, मागून येणाऱ्याला तुम्ही दिसत नाही. धुराची भिंत समोर दिसतेय आणि पलीकडचं काहीच दिसत नाही, तर अलीकडेच रस्ता सोडून सुरक्षित जागी उभे राहा आणि तेव्हा चारही इंडिकेटर लावा. साधारणपणे अर्ध्या तासात पाचटाची आग बसते.

उसाच्या ट्रॉल्या हा याहून मोठा धोका आहे. रात्री त्यांच्या मागे लाल दिवा असेलच असं नाही, आणि बाहेर लोंबणारा ऊस काचेच्या उंचीवर येतो. अंधार पडल्यावर या पट्ट्यात कॅराव्हॅन चालवू नये. दिवसाउजेडी मुक्कामाला पोचा: मोठा पेट्रोल पंप, ढाबा, देवस्थानचं मोकळं आवार. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं आहे, पण इकडे गावोगावी वीज-पाण्याची जोडणी असलेली जागा मिळेल असं धरून चालू नका. विचारलं की बहुतेक ठिकाणी जागा मिळते. कारखान्याच्या आसपासचं मैदान मात्र टाळा. तिथे ऊसगाड्यांची रांग रात्रभर हलत असते.

उभा ऊस पेटला असेल तर

बहुतेक वेळा सुरुवात तारांपासून होते. झोळ पडलेल्या तारा वाऱ्याने एकमेकींना घासतात, ठिणगी वाळलेल्या पानांवर पडते आणि काही मिनिटांत एकर गेलेला असतो. कधी शेजारच्या पाचटाची आग बांध ओलांडते. उसाच्या कांडीत जवळजवळ ७० टक्के पाणी असतं, त्यामुळे कांडी जळून राख होत नाही, पानं जळतात आणि काळा पडलेला ऊस उभा राहतो. बाहेरच्याला वाटतं, ऊस तर राहिलाच की. पण जळीत उसाचं वजन दर दिवशी घटतं, साखर फुटत जाते, तो एक-दोन दिवसांत गाळला गेला पाहिजे. त्यासाठी तोडीची टोळी लगेच मिळायला हवी, वाहन मिळायला हवं, आणि इतकं करून दरात कपात होते ती वेगळी. ठिबकच्या नळ्या वितळतात, त्याचा हिशेब आणखी निराळा. त्या शेतकऱ्याचा चेहरा बघितलात तर मग कुणाला फोटो काढावासा वाटत नाही.

अशा वेळी क्रमाने हे करा.

गाडी लांब, वाऱ्याच्या वरच्या बाजूला लावा आणि लगेच ११२ ला फोन करा. अग्निशमनासाठी १०१ ही आहे. कुणी भाजलं असेल तर १०८. गावाचं नाव, शिवार, जवळचा किलोमीटरचा दगड किंवा पूल सांगा. "शहाद्याजवळ" एवढ्याने बंबाला काही कळत नाही. नकाशावरचं ठिकाण काढून ठेवा, गावातल्या कुणाला तरी फोन द्या, तो रस्ता नीट सांगेल.

तारा तुटून लोंबत असतील किंवा ठिणग्या पडत असतील तर महावितरणचा १९१२. तार जमिनीवर पडली असेल तर ती बंद आहे असं कधीही धरू नका, आणि तिच्या आसपास पाणी मारू देऊ नका.

आगीत शिरू नका. उसाच्या सरीत शिरलेल्या माणसाला दोन हातांवरचं दिसत नाही आणि आग त्याच्याहून वेगाने पळते. गावकरी शेजारच्या रानात नांगर फिरवून पट्टा मोकळा करतात, ऊस तोडून आगीची वाट अडवतात. तुम्ही त्यात हौसेने उतरू नका. तुमच्याकडे टाकीभर पाणी आहे, प्यायला द्या. प्रथमोपचाराची पेटी द्या. धुराने घुसमटलेल्याला गाडीच्या सावलीत बसवा. रस्त्यावर उभं राहून येणाऱ्या गाड्या हळू करा. एवढ्या कामांना माणूस लागतोच.

एक काम मात्र तुमच्याच हातून होऊ शकतं. गाडीला डॅशकॅम असेल आणि त्यात आग कुठून सुरू झाली, तारांखालून की बांधावरून, हे वेळेसह आलं असेल, तर ते पुसू नका. नुकसानभरपाईसाठी पंचनामा होतो, तेव्हा सुरुवात कुठे झाली हाच प्रश्न असतो आणि शेतकऱ्याकडे पुरावा नसतो. ते चित्रण त्याच्या फोनवर पाठवा. समाजमाध्यमांवर टाकायचं असेल तर त्याला विचारून, आणि त्याचा चेहरा न दाखवता.

माणसांशी वागणं

पाचट जाळताना बघायचं असेल तर बांधावर जाऊन रामराम करा. वयस्कर असतील तर आप्पा, नाना, बापू. बरोबरीचे असतील तर दादा, भाऊ. बाईमाणूस असेल तर ताई, मावशी. "आप्पा, लांबून बघू का?" एवढं विचारलं की पुरतं. मग तेच सांगतील, आग आधी वाऱ्याच्या खालच्या कडेला, म्हणजे वारा जिकडे जातो त्या कडेला, का लावली. तिकडून पेटवली की ती वाऱ्याविरुद्ध हळूहळू मागे सरकते, कडेचा पट्टा जळून मोकळा होतो, आणि मग वरच्या बाजूने काडी लावली तरी पुढे जायला तिला काही उरत नाही. त्याआधी शेजाऱ्याच्या उसालगतचं दोन-तीन मीटर पाचट ओढून घेतलेलं असतं. हे काम नीट करणारा माणूस बघण्यासारखा असतो. नजर आगीवर कमी आणि शेजारच्या उसाच्या शेंड्यावर जास्त.

कुणालाही पैसे देऊन "आमच्यासाठी पेटवा" म्हणू नका. ड्रोन उडवायचा तर आधी नियम बघा आणि मालकाला विचारा. आगीवरची तापलेली हवा ड्रोनला उचलून फेकते, आणि तो शेजारच्या रानात पडला तर उत्तर तुम्हाला द्यावं लागेल.

तोडणाऱ्या टोळ्या बऱ्याचदा सातपुड्यातल्या पाड्यांवरून आलेल्या असतात. मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेऊन कुटुंबंच्या कुटुंबं सहा महिने घराबाहेर राहतात, काही इथे, बरीचशी गुजरातेत किंवा पश्चिम महाराष्ट्रात. त्यांच्या कोप्या पाचटाच्या आणि प्लास्टिकच्या असतात, बाहेर चूल, आत लेकरं. तेच त्यांचं घर आहे. न विचारता कॅमेरा घेऊन शिरू नका, आणि तुमची गाडी, जनरेटर किंवा शेकोटी त्यांच्या कोपीजवळ लावू नका.

जनावरं आणि पाखरं

आगीच्या कडेला घारी घिरट्या घालतात, कोतवाल तारेवर बसून उडणारे किडे टिपतात, बगळे राख निवायच्या आत येऊन उभे राहतात. दुर्बीण असेल तर गाडीतूनच बघा, छान दिसतं. मात्र त्याच वेळी साप, उंदीर, रानडुकरं बाहेर पडतात आणि ती सरळ रस्त्याकडे धावतात. शहादा-तळोदा पट्ट्यात उसात बिबट्या असतो, मादी पिल्लं उसातच घालते. तोडीच्या वेळी किंवा आगीच्या वेळी पिल्लू दिसलं तर उचलू नका, फोटोसाठी जवळ जाऊ नका. आई जवळपासच असते. वनविभागाचा १९२६ हा क्रमांक लावा. या भागात रात्री लहान मुलांना गाडीबाहेर एकटं सोडू नका, आणि शौचाला उसाच्या कडेला जाऊ नका.

आग विझल्यावर

जळलेल्या रानात त्याच संध्याकाळी पाय ठेवू नका. वर राख गार लागते आणि खाली पाचटाचा थर धुमसत असतो. कापलेल्या उसाचे बुडखे तिरके आणि धारदार असतात, चपलेचा तळ फाडून पायात घुसतात.

गाडीवर काळ्या पट्ट्या पडलेल्या दिसतील. त्या कोरड्या फडक्याने पुसू नका, काजळ रंगात मुरते आणि सोलर पॅनलच्या काचेवर ओरखडे येतात. आधी फुंकर किंवा मऊ ब्रश, मग भरपूर पाणी ओतून वाहू द्या, शेवटी साबणाचं पाणी. छतावरची झडप उघडण्याआधी तिच्या भोवतीची राख काढा, नाहीतर सगळी पलंगावर येते. पुढच्या पंपावर इंजिनाचा एअर फिल्टर काढून झटका, एसीचा फिल्टरही बघा. कनात उघडून भोकं पडलीत का ते उजेडात तपासा, लहान असेल तर चिकटपट्टीने भागतं. रेग्युलेटर पुन्हा चालू करण्याआधी नळीला साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का ते बघा, मगच चहा ठेवा.